खेरांच्या आधी साताऱ्याचे कूपर होते

एप्रिल-मे आला की मुख्यमंत्र्यांची यादी फिरू लागते. तिच्यावर लिहिलेलं असतं: ‘मुंबई प्रांताचे पहिले पंतप्रधान बाळासाहेब खेर. त्याआधी कूपर नावाचे कोणी मुंबईचे पारशी शेठ नुसती खुर्ची राखायला बसवले होते, काम शून्य.’ (प्रांताच्या मुख्यमंत्र्याला तेव्हा पंतप्रधान म्हणत.)

आधी ‘पहिले’ बघू. प्रांतिक स्वायत्तता, म्हणजे प्रांताचा कारभार तिथल्या मंत्र्यांच्या हाती देणारी व्यवस्था, १ एप्रिल १९३७ ला आली आणि त्याच दिवशी सर धनजीशा कूपर पंतप्रधान झाले. खेर आले १९ जुलैला. निवडणूक काँग्रेसनेच जिंकली होती, पण गव्हर्नर विशेषाधिकार वापरणार नाहीत अशी हमी मिळेपर्यंत तिने सत्ता घेतली नाही. म्हणून मधल्या काळात कूपरांचं बहुमत नसलेलं मंत्रिमंडळ बसलं. तिकडे मध्य प्रांतात, नागपूरलाही राघवेंद्र रावांचं असंच मंत्रिमंडळ बसलं होतं. बहुमताचे पहिले पंतप्रधान खेर म्हणा, माझी हरकत नाही.

‘मुंबईचे शेठ’ हे तर साफ चूक. कूपर साताऱ्याचे. दारूच्या मक्त्यांतून पैसा केला, सातारा रोडला कारखाना काढून लोखंडी नांगर विकले. राजकारणातही ते वरून टपकले नव्हते. नगरपालिका, जिल्हा लोकल बोर्ड, मग प्रांताचं मंत्रिपद असे पायरीपायरीने चढले, तेही ब्राह्मणेतर पक्षातून. पारशी माणूस मराठा-कुणब्यांच्या पक्षाचा पुढारी! गावोगावचे पाटील-देशमुख हाताशी धरून त्यांनी जिल्ह्यावर अशी पकड बसवली की तिला ‘कूपरशाही’ म्हणू लागले. हा शब्द कौतुकाचा नव्हता, हेही सांगायला हवं.

राहिलं ‘काम शून्य’. साडेतीन महिन्यांत, पाठीशी बहुमत नसताना, मोठं काम होणार नव्हतंच. पण १९२४ पासून रत्नागिरीत स्थानबद्ध असलेले सावरकर १० मे १९३७ ला सुटले, ते याच मंत्रिमंडळाच्या काळात. त्यासाठी जोर लावला तो त्यातले मंत्री जमनादास मेहता यांनी. सावरकरांच्या सुटकेच्या पोस्ट टाकणारेच ही यादीही पुढे ढकलतात, याची गंमत वाटते.

कूपर इंग्रजधार्जिणे होते, हा आरोप मी खोडणार नाही. ‘सर’की उगाच मिळत नव्हती. पण दारूच्या मक्तेदाराच्या जागी आलेल्या खेरांच्या सरकारने दोनच वर्षांत, १ ऑगस्ट १९३९ ला, मुंबई शहरात दारूबंदी लावली. कूपरांचं नाव गाळलं की हा भागही यादीतून गळतो.