सरळ की फिरून?

आमच्या सोसायटीत एकमताने मंजूर झालेला ठराव एकच. पाण्याच्या टाकीवर एकमत नाही, पार्किंगवर नाही, इमारतीच्या रंगावरून तर दोन विंगांमध्ये अजून बोलणं बंद आहे. पण ‘गणपतीत मंडपापासून हॉलपर्यंत केबल टाकावी’ म्हटल्यावर सगळ्यांचे हात वर गेले. एरवी सभेत डुलक्या काढणारे ज्येष्ठ नागरिक तर दोन्ही हात वर करून बसले होते.

याला कारण हाऊजी.

आमचा मंडप ए विंगसमोर आणि हॉल डी विंगच्या मागे. पाऊस, डास आणि गुडघे या तीन कारणांनी ज्येष्ठ मंडळी हॉलमध्ये बसतात. गेल्या वर्षी कुणीतरी मोबाइलवरून इंटरनेटवर थेट प्रक्षेपण लावलं आणि हॉलच्या टीव्हीवर ते दाखवलं. चित्र छान, फक्त वीस-पंचवीस सेकंद शिळं. डी विंगला जायला निघालेलं चित्र आधी कुठल्यातरी लांबच्या सर्व्हरला जातं, तिथे तुकडे होऊन साठतं आणि मग डोंबिवलीला परत येतं. त्यामुळे खिडकीतून कानावर ‘जय देव जय देव’ आणि टीव्हीवर भटजी काडेपेटी शोधतायत, असा प्रकार झाला. आरतीपुरतं तेही चाललं. भक्तीत वीस सेकंद म्हणजे काहीच नाही. पण रात्री दहानंतर कर्णे बंद, म्हणून हाऊजीचे आकडे मंडपातल्या छोट्या स्पीकरवर. हॉलला फक्त टीव्हीचा आधार. आतल्या आजोबांनी सत्तेचाळीसवर खूण करेपर्यंत बाहेर फुल हाऊसचं बक्षीस वाटून झालेलं असायचं. दहा रात्रींत हॉलमधल्या एकालाही साधी पहिली ओळ लागली नाही. तिकिटाचे पैसे मात्र ताजे घेतले गेले.

तेव्हा केबल. आणि केबल म्हणून मी. मी शाळेत इतिहास शिकवतो, पण शाळेचा प्रोजेक्टर मी लावतो अशी बातमी सेक्रेटरींकडे होती. लावतो म्हणजे बटण दाबतो. सोसायटीत एवढं पुरतं.

मी टेप घेऊन मंडप ते हॉल मोजलं. सरळ रेषेत 48 मीटर. हा आकडा ऐकून खजिनदारांनी त्याच रात्री टीव्हीला चित्र नेणाऱ्या, पंचवीस-पंचवीस मीटरच्या दोन स्वस्त एचडीएमआय केबली आणि मध्ये जोडायला एक कपलर मागवला. आमचे खजिनदार व्यवसायाने दंतवैद्य. त्यांचा दोन गोष्टींवर ठाम विश्वास आहे: स्वस्त माल आणि आपलं मत.

केबली नुसत्याच अंगणात पसरून जोडल्या. पडदा निळा. त्यावर ‘नो सिग्नल’. कपलर काढून एकाच केबलवर करून पाहिलं, तेव्हा बाप्पा दिसले, पण चांदण्यांत. पांढरे ठिपके चमचमायचे, मग दोन सेकंद काळोख, मग पुन्हा दर्शन. पहिल्या मजल्यावरच्या काकूंनी बाल्कनीतून हात जोडले.

आमच्या पिढीला हे समजायला जड जातं, कारण आम्ही अँटेनावर वाढलो. गच्चीवर एक जण दांडा फिरवतोय, खाली दुसरा ओरडतोय ‘आलं, आलं, गेलं!’ आणि बातम्या देणाऱ्या बाईंना तीन नाकं असली तरी बातम्या मिळत होत्या. तो सिग्नल थकला तरी मुंग्यांतून का होईना घरापर्यंत यायचा. डिजिटलला तो कनवाळूपणा नाही. फुल एचडी चित्र म्हणजे तारेतून सेकंदाला साधारण साडेचार अब्ज बिट धावतात. तांब्याची तार जितकी लांब आणि सिग्नल जितका वेगाचा तितका तो वाटेत झिजतो. पलीकडचा टीव्ही बराच वेळ सांभाळून घेतो आणि एका मर्यादेनंतर थेट निळा होतो. साध्या तांब्याच्या एचडीएमआयचं दहा-पंधरा मीटरनंतर काही खरं नाही, हे मला नंतर कळलं. खजिनदारांना अजूनही पटलेलं नाही.

‘‘बूस्टर लावा,’’ ते म्हणाले. ‘‘पाणी चढत नसलं की आपण पंप लावतो तसं.’’

इथे माझ्यातला इतिहास-शिक्षक जागा झाला. 1858 साली आयर्लंडपासून न्यूफाउंडलंडपर्यंत अटलांटिकच्या तळाशी तारायंत्राची पहिली केबल पडली. राणी व्हिक्टोरियाने अमेरिकेच्या अध्यक्षांना 98 शब्दांचा संदेश धाडला, त्याला पोचायला सोळा तास लागले. केबल लांबेल तसे ठिपके आणि रेघा एकमेकांत मिसळतात, लांबी दुप्पट झाली तर त्रास चौपट होतो, हे विल्यम थॉमसन आधीपासून सांगत होता. पुढे लॉर्ड केल्विन म्हणून गाजला तोच. पण केबलचा कारभार होता वाइल्डमन व्हाइटहाउसकडे. त्याने सिग्नल क्षीण येतोय म्हणून दाब चढवला, पार दोन हजार व्होल्टच्या घरात नेला, आणि काही आठवड्यांत केबल कायमची गप्प झाली. हा व्हाइटहाउस मूळचा शल्यवैद्य होता, हे मी मुद्दाम सांगितलं.

‘‘डॉक्टर माणसाने निदान प्रयत्न तरी केला,’’ खजिनदार म्हणाले.

मग सोसायटीच्या इलेक्ट्रिशियनचा पोऱ्या आला. त्याने सांगितलं, सर, कॅट-सिक्स, म्हणजे संगणकाच्या जाळ्याची तार टाकू, दोन टोकांना डबे लावू, एक सेंडर, एक रिसीव्हर. सीसीटीव्हीच्या कामातलं अर्धं बंडल गच्चीच्या खोलीत पडलेलंच होतं. कल्पना वाईट नव्हती. कॅट-सिक्समध्ये तारांच्या चार जोड्या असतात आणि प्रत्येक जोडीला पीळ असतो. बाहेरची खरखर जोडीतल्या दोन्ही तारांवर सारखीच बसते आणि पलीकडे दोन्हींतला फरक घेतला की ती वजा होते. संगणकाच्या जाळ्याला या तारेवर शंभर मीटरची मुभा आहे: नव्वद भिंतीतली आणि दहा दोन्ही टोकांच्या सुट्या तुकड्यांची. डब्यावर 60 मीटर छापलेलं होतं. 48 मीटरला तेवढं भरपूर.

पोऱ्याने मांडी घातली, तारा सोलल्या आणि पुटपुटू लागला, ‘‘पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी.’’ इतक्या तन्मयतेने म्हटलेली आरती मी मंडपातही ऐकली नव्हती. टेस्टर लावला. एक ते पाच दिवे लागले, सहावा नाही. हिरवी तार नीट बसली नव्हती. जॅक कापून पुन्हा पठण झालं.

चित्र आलं आणि गेलं. मला शंका येऊन मी एक तार ब्लेडने खरवडली. वरून तांबूस, आतून चकचकीत पांढरी. अ‍ॅल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा. शुद्ध तांब्याच्या सुमारे दीडपट रोध आणि बंडलावर मात्र दिमाखात ‘कॅट-सिक्स’. त्याबरोबर आमच्या सोसायटीचं एक जुनं कोडं सुटलं. गेटवरचा कॅमेरा दिवसभर ठणठणीत असतो आणि अंधार पडला की बंद-चालू होत बसतो. त्याला वीजही त्याच तारेतून जाते. रात्री त्याचे अंधारात बघायचे अवरक्त दिवे लागले की त्याला जास्त वीज लागते, ती एवढ्या लांबून या तारेतून पोचता पोचता मरते, आणि कॅमेरा डोळे मिटतो. यावर समितीत दोन वर्षं वॉचमनची चौकशी चालू होती.

आवाजाचं वेगळंच. तो एका बारक्या तारेने स्वतंत्र नेला होता, तर हॉलमध्ये अखंड ‘हुंऽऽ’ सुरू झालं. मंडपाची वीज एका मीटरची, हॉलची दुसऱ्या, दोन्हीकडचं अर्थिंग वेगळं, आणि मधल्या तारेतून पन्नास हर्ट्झचा गुंजारव. हॉलमधल्या मंडळींना तो ओंकार वाटला. दोघांनी डोळे मिटून घेतले. शेवटी मंडपातल्या साउंडवाल्याने न सांगता एक छोटा डबा मध्ये लावला, माइकची जाड केबल जोडली आणि ओंकार थांबला. ‘‘ही लाइन शंभर मीटर न्या, काही होत नाही,’’ तो म्हणाला. या सगळ्या प्रकरणात न बोलता काम केलेला माणूस तो एकच. त्याला समितीत घ्यावं अशी सूचना मी केली, पण तो सोसायटीत राहत नाही.

चित्रासाठी मात्र मी मुंबईतल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात, लॅमिंग्टन रोडला गेलो. ग्रँट रोड स्टेशनाबाहेर पडून त्या रस्त्याला लागलं की कुठल्याही वायरीला भाऊबंद भेटतो. दुकानदाराने माझी कहाणी अर्धीच ऐकली.

‘‘अंतर किती?’’

‘‘अठ्ठेचाळीस मीटर.’’

‘‘सरळ की फिरून?’’

मी गप्प झालो. केबल हवेतून जात नाही, सोसायटीतून जाते, हे त्या माणसाला डोंबिवली न पाहता ठाऊक होतं.

परत येऊन मी वाटेवर चालायला लागलो. ए विंगच्या भिंतीने गेलं तर तळमजल्याच्या आजींच्या खिडकीवरून, तिथे कबुतरांची जाळी, तिला हात लावायचा नाही. खालून गेलं तर रांगोळीची जागा. मीटर रूमजवळून जाऊ नका, विजेच्या तारांच्या बाजूने नेली तर तांब्याची तार खरखर पकडते, असं साउंडवाला म्हणाला होता. उताराच्या रस्त्यावरून नेली तर गाड्या. बी विंगच्या काकूंच्या तुळशीवरून नको. सी विंगच्या पहिल्या मजल्यावरून न्यायला हरकत नव्हती, पण त्या बदल्यात त्यांना गळतीचं पत्र सभेपुढे वाचून हवं होतं. हॉलच्या उंबऱ्यावरून वायर नको, लोक अडखळतील, आणि शिवाय उंबरा. मी टेपने सगळं पुन्हा मोजलं. 118 मीटर.

1870 साली ‘ग्रेट ईस्टर्न’ जहाजाने मुंबईपासून एडनपर्यंत समुद्रातून केबल टाकली आणि मुंबई लंडनशी जोडली गेली. आजही वर्सोव्याला समुद्रातून केबली किनाऱ्यावर येतात, हजारो किलोमीटर, मध्ये साधारण 60 ते 100 किलोमीटरला एक अ‍ॅम्प्लिफायर. हे लोक काय मोठं करतात मला समजत नाही. समुद्राच्या तळाला बी विंग नाही.

दुकानदाराने काचेच्या तंतूची एचडीएमआय सुचवली होती. एका टोकाच्या प्लगमध्ये विजेचा प्रकाश होतो, दुसऱ्या टोकाच्या प्लगमध्ये प्रकाशाची पुन्हा वीज. चित्राच्या वाटेत झिजायला तांबं नाही, विजेच्या तारांची खरखर नाही. लांबी शंभर मीटर. म्हणजे अठरा मीटरचा समेट घडवायचा होता. मीटर रूमजवळून आता बिनधास्त जाता येत होतं, तिथे सहा वाचले. तुळशीच्या काकूंना नवीन कुंडी दिली, तिथे पाच. गळतीचं पत्र मी स्वतः सभेत वाचलं, स्वरात आरोह-अवरोहांसकट. उंबऱ्याचा प्रश्न वरच्या झरोक्याने सुटला. एकूण 97 मीटर. तीन मीटर हातचे, ते अध्यक्षांच्या भाषणासाठी ठेवावेत असं मला वाटत होतं.

ते भाषण झालंच. शुभारंभ बाप्पाच्या पायापासून झाला पाहिजे असा अध्यक्षांचा आग्रह होता. ड्रमचं बाहेरचं टोक मूर्तीपुढे ठेवलं, हळदकुंकू वाहिलं, नारळ फुटला, आणि तिथून केबल उलगडत गेली. पावसापासून जपायला पोऱ्याने दोन्ही टोकांना आधीच प्लॅस्टिक गुंडाळलं होतं. कुठे तीक्ष्ण वळण द्यायचं नाही, काच तुटते, म्हणून पाच-सहा जण कोपऱ्याकोपऱ्यावर उभे. संध्याकाळपर्यंत सी विंगसमोरच्या भागावर एक टॉवेल वाळत पडला. तो उतरवला.

प्लॅस्टिक काढलं. हॉलच्या टोकावर लहान अक्षरांत ‘सोर्स’. मंडपातल्या टोकावर ‘डिस्प्ले’.

काचेच्या तंतूची ही केबल एकाच दिशेने चालते. प्रकाश पाडणारं टोक वेगळं, प्रकाश पाहणारं वेगळं, त्यांची अदलाबदल होत नाही. 97 मीटर, सात बाल्कन्या, एक तुळस, सगळं उलटं. आरतीला अर्धा तास राहिला होता. पोऱ्या भिंतीला टेकून खाली बसला. अध्यक्ष म्हणाले की नारळ तर व्यवस्थित फुटला होता.

‘‘मग एवढं काय त्यात?’’ खजिनदार म्हणाले. ‘‘कॅमेरा हॉलमध्ये लावा आणि प्रोजेक्टर मंडपात.’’

दुसरं काही सुचत नव्हतं म्हणून आम्ही ते केलं. चित्र आलं. स्वच्छ, कडक, एक ठिपका नाही, क्षणाचा उशीर नाही. मंडपातल्या आठ फुटी पडद्यावर आमचे ज्येष्ठ नागरिक बसलेले दिसले आणि खुर्च्यांवरच्या तीनशे लोकांनी टाळ्या वाजवल्या. आरती राहिली बाजूला, पोरं पडद्याकडे बघत ‘आबा, आबा’ करू लागली. रात्री हाऊजीचे आकडे हॉलमधून काढायचे ठरलं. ज्या आजोबांना गेल्या वर्षी एक ओळ लागली नव्हती, ते पिशवीत हात घालून प्रत्येक आकड्याला असा काही वेळ लावत होते की बाहेर लोक हात जोडायला लागले.

माझी आई त्याच हॉलमध्ये होती. तिला मधुमेह आहे, आणि घरी तिला मोदक मोजून मिळतो. कॅमेरा आजोबांवरून सरकून प्रसादाच्या ताटावर आला, आणि ताटातून तिसरा मोदक उचलणारा हात आठ फुटांवर स्पष्ट दिसला. बांगडी ओळखीची होती.

‘‘अहो,’’ शेजारून बायको म्हणाली, ‘‘आई बघा.’’

दुसऱ्या दिवशी सकाळी केबल उलटी करून घालायची म्हणून मी पोऱ्याला बोलावलं, तर हॉलच्या दारात ज्येष्ठ नागरिकांचं शिष्टमंडळ उभं होतं, केस विंचरून. केबल आहे तशीच राहू द्यावी, दिवा थोडा डावीकडून हवा, अशी त्यांची मागणी होती. आईचीही एक दुरुस्ती होती. कॅमेरा तेवढा जिन्याकडे वळवावा.