धोरणात उपकरणे मोजतात, शिक्षक मोजत नाहीत

शिक्षणातील डिजिटल तंत्रज्ञानाचे राष्ट्रीय धोरण वाचायला घेतले की बहुतेक वेळा आधी उपकरणांची संख्या डोळ्यांत भरते, आणि ती वापरून शिकवणाऱ्या शिक्षकाचे प्रशिक्षण, दुरुस्ती, वीज यांची दोन ओळींत बोळवण केलेली दिसते, याचा आता मनापासून संताप येतो. पेरूने ‘प्रत्येक मुलाला एक लॅपटॉप’ या योजनेत ८ लाखांहून अधिक लॅपटॉप वाटले. २०१२ मध्ये आंतर-अमेरिकी विकास बँकेच्या अभ्यासाला त्यामुळे गणित किंवा भाषा सुधारल्याचा पुरावा सापडला नाही. तंत्रज्ञान शिक्षकाच्या मदतीला असावे, त्याच्या जागी नव्हे, असे युनेस्कोच्या २०२३ च्या जागतिक शिक्षण अहवालानेही बजावले. तरीही अशा धोरणांच्या नव्या घोषणांत बहुतेक वेळा पुन्हा तीच खरेदी, आणि मुले काय शिकली हे तपासण्याची तरतूद नसतेच. (खरेदीचा आकडा लगेच दाखवता येतो, हेच कारण असावे.)

मी शिकवत होतो तिथे टॅबलेट कुलूपबंद कपाटात पडून होते. पडद्यांवरचे प्लास्टिकचे वेष्टनही निघालेले नव्हते, बॅटऱ्या फुगल्या होत्या आणि पासवर्ड ठाऊक असलेले एकमेव शिक्षक बदली होऊन गेले होते. सरकारी तक्त्यात मात्र ती शाळा ‘डिजिटल’ म्हणून नोंदलेली होती.