शनिवारवाडा, पावलोव्स्क आणि एक खुर्ची

गेल्या आठवड्यात आत्येभावाने घरच्या ग्रुपवर एक चित्र टाकलं: संगणकावर रंगवलेला सात मजली शनिवारवाडा, कारंजी उडताहेत, वर भगवा. खाली मला उद्देशून, "तुझ्या रशियात जर्मनांनी जाळलेले राजवाडे परत बांधलेच ना? मग आपल्यालाच का जमू नये?"

दादाचं म्हणणं अर्धं खरं आहे. मी राहतो त्या सेंट पीटर्सबर्गजवळचा पावलोव्स्कचा राजवाडा जानेवारी 1944 मध्ये जळून नुसत्या भिंती उरल्या होत्या. भोवतीच्या बागेतली सुमारे 70 हजार झाडं तोडलेली. आज तिथे गेलात तर जळाल्याची खूण शोधावी लागते. शहराजवळच्याच पीटरहॉफ राजवाड्याचंही तेच. समोरच्या कारंज्यातला सिंहाचा जबडा फाडणारा सोनेरी सॅमसन युद्धात नाहीसा झाला. आता आहे तो 1947 मध्ये घडवलेला.

पण मला ओढ आहे ती 1941 च्या उन्हाळ्याची. जर्मन सैन्य येतंय हे कळल्यावर पावलोव्स्कच्या संग्रहालयातल्या लोकांनी काय केलं? सगळं सामान नेणं अशक्य होतं. म्हणून फर्निचरच्या एकेका संचातली एखाद-दुसरी खुर्ची नमुना म्हणून उचलली. बाकीच्या तशाच करता येतील, हा हिशेब. संगमरवरी पुतळे बागेत पुरले. जे फार जड होते ते तळघराच्या एका कोपऱ्यात ठेवून पुढे विटांची भिंत घातली. दूरवर नेता आलं नाही त्यातलं बरंचसं लेनिनग्राडात (म्हणजे तेव्हाच्या सेंट पीटर्सबर्गात) सेंट आयझॅक कॅथेड्रलच्या तळघरात गेलं, आणि जर्मनांनी शहराला घातलेल्या वेढ्याच्या हिवाळ्यात संग्रहालयाची माणसं तिथेच ओल आणि उपासमार सोसत त्याची राखण करत बसली. या मंडळींच्या प्रमुख आन्ना झेलेनोव्हा तेव्हा तिशीच्याही आत होत्या. राजवाडा जळायच्या आधीच तो परत बांधण्याची सोय झाली होती. एवढं असूनही पहिली दालनं उघडायला 1957 उजाडलं आणि काम सत्तरच्या दशकापर्यंत चाललं.

शनिवारवाडा 1828 च्या फेब्रुवारीत पेटला, आठवडाभर जळत राहिला. सागवानी मजले गेले, दगडी जोती उरली. दफ्तरात खर्चाचे हिशेब आहेत, पण सातव्या मजल्याचं मोजमापासह चित्र आजवर कुणी पुढे ठेवलेलं नाही. तेव्हा दादाच्या चित्रातला वाडा हा पेशव्यांचा नव्हे, चित्रकाराचा. हजारी कारंज्याच्या दगडी पाकळ्या मात्र अजून जागेवर आहेत, आणि त्या बघायला कुठलंही रंगीत चित्र लागत नाही.

इथे सेंट पीटर्सबर्गातही सगळं आलबेल आहे असं नाही. शहरातली सर्वांत जुनी बाग, 1704 ची लेत्नी साद (उन्हाळी बाग), तीन वर्षं बंद ठेवून 2012 मध्ये उघडली, तेव्हा आमच्या मजल्यावरच्या आजीबाई एकदा जाऊन आल्या आणि परत गेल्या नाहीत. हरवलेली कारंजी नव्याने केली, झाडांच्या रांगांना जाळीच्या भिंती घातल्या, मूळ पुतळे आत नेऊन बाहेर प्रतिकृती उभ्या केल्या. पाऊस-बर्फापासून मूर्ती वाचवायच्या तर हे करावं लागतं, मान्य. पण शहर वसवणाऱ्या झार पीटरच्या काळची बाग हवी म्हणून आजींच्या लहानपणीची बाग गेली, त्याचं काय? आजी म्हणाल्या, "छान आहे. माझी नाही."

मला सर्वांत पटतो तो नेव्स्की रस्त्यावरचा लुथरन सेंट पीटर चर्चचा तोडगा. सोव्हिएत राजवटीत, 1962 मध्ये, त्यात पोहण्याचा तलाव केला. चर्च परत मिळालं तेव्हा तलावाचं काँक्रीट फोडलं तर इमारतच हलेल असं निघालं. मग त्यावर नवी जमीन घातली. आज प्रार्थना वर चालते, आणि खाली रिकामा तलाव तसाच आहे. झालं ते झालं, लपवायचं कशाला!

हे सगळं मी दादाला लिहिलं नाही. एकच विचारलं: आपला सदाशिव पेठेतला वाडा बिल्डरला दिला, तेव्हा पाडायच्या आधी कुणी मापं घेतली होती का? चौक केवढा होता?

त्याने लिहिलं, बारा फूट. मला पंधरा आठवत होता. रात्री आईचा फोन आला, म्हणाली, "अठरा. माझ्या लग्नाची पंगत तिथेच बसली होती."