मीटर म्हणतो करंट आहे, दिवा म्हणतो नाही!

आमच्या शिडाच्या होडीवर, डोलकाठीच्या पायथ्याशी, जिथे लाटेचं पाणी सगळ्यात आधी येतं आणि सगळ्यात शेवटी सुकतं, नेमका तिथेच वायरींचा प्लग बसवायची अक्कल ज्या महाभागाला सुचली, त्याला एकदा त्याच डोलकाठीवर चढवून रात्रभर टांगून ठेवावं. खरंच सांगते.

नांगर टाकून रात्री थांबायचं तर टोकावरचा पांढरा दिवा लागायलाच हवा. तो लागेना. फ्यूज ठीक. पॅनेलवर बटण एकच आणि त्याखाली लिहिलंय ‘मास्ट लाइट’, म्हणजे डोलकाठीचा दिवा. कुठला मास्ट लाइट, बाबा? काठीवर तीन दिवे आहेत! त्यातून जहाजांच्या 1972 च्या आंतरराष्ट्रीय टक्करविरोधी नियमांत ‘मास्टहेड लाइट’ म्हणतात तो मोटर चालू असताना लावायचा, 225 अंशांत दिसणारा दिवा. तो आमच्यासारख्या बहुतेक शिडाच्या होड्यांवर अर्ध्या-पाऊण उंचीवर असतो. म्हणजे नावाने ‘हेड’ आणि बसलाय छातीवर. टोकावर असतो तो नांगराचा, चहूबाजूंनी दिसणारा. त्यामुळे कुणाला विचारावं तर समोरचा एका दिव्याबद्दल बोलतो आणि मी दुसऱ्या.

काठीतून बाहेर येतात चार वायरी. चारही काळ्या. चारही! आधीच्या मालकाला बहुधा लाल वायर पाहून चक्कर येत असावी. जोड द्यायचा तिथे त्याने नुसता पीळ मारून वर काळा टेप गुंडाळलेला. टेप सोडवताना हाताला तो काळा चिकट डिंक लागतो ना, तो दोन दिवस जात नाही.

तर मी व्होल्टेज मोजायचा मीटर लावला. पायथ्याशी 12.6 व्होल्ट. वा! म्हणजे खालचं सगळं उत्तम, बल्बच गेला असणार. सगळ्या जाणत्यांनीही हेच सांगितलं, ‘बल्ब बदल, बल्ब.’ वर कोण चढणार? ज्याचं वजन कमी तो. म्हणजे मीच.

माझा साथीदार खाली विंच, म्हणजे दोरी ओढायचा रहाट, फिरवतोय आणि मी दोरीला टांगलेल्या कापडी बैठकीत, चौदा मीटरवर, काठीला मिठी मारून. खाली होडी वीतभर हलली की वर झोका बसतो तो सांगून कळायचा नाही. काच काढली. स्क्रू सुटला, डेकवर टुण्णकन एक टप्पा खाल्ला आणि बुळूक. बल्ब काढून तपासला तर तार शाबूत. तरी नवा लावला. अंधार. होल्डरमध्ये मीटर घातला तर 12.5 व्होल्ट! मी वरून ओरडले, “अरे, इथे करंट आहे!” तो खालून, “मग दिवा का लागत नाही?” ढकलून द्यावंसं वाटलं, पण तो खाली होता आणि माझी दोरी त्याच्या हातात.

दुसऱ्यांदा होल्डर घासायला चढले. तिसऱ्यांदा नवा होल्डर घेऊन. अंधारच.

आता ऐका या मीटरचा खोटेपणा. तो स्वतः जवळजवळ करंट ओढतच नाही, आतला रोध (विजेला होणारा अडथळा) साधारण दहा मेगाओहम, म्हणजे एक कोटी ओहम. त्यामुळे वाटेत जोड सडून चारेकशे ओहमचा अडथळा झाला तरी मीटर आपला ऐटीत पूर्ण व्होल्टेज दाखवतो. तिथेच दहा वॅटचा बल्ब लावला की तो मागतो जवळपास 0.8 अँपिअर, आणि जवळजवळ सगळं व्होल्टेज त्या सडक्या जोडातच जिरतं. बल्ब लावलेला ठेवून पुन्हा मोजलं तेव्हा बल्बच्या वाट्याला अर्धा व्होल्टही नव्हता. हे कुणी आधी का सांगत नाही? मीटर राहू द्या, साधा बल्ब दोन वायरींना बांधून चाचणी घेतली असती तर दहा मिनिटांत कळलं असतं. तीन फेऱ्या वाचल्या असत्या!

मग बॅटरीच्या निगेटिव्हपासून एक सुटी वायर प्लगच्या पलीकडे, काठीकडून येणाऱ्या निगेटिव्हला टेकवली. दिवा लख्ख! म्हणजे दोष पायथ्याच्या त्या प्लगमध्येच. उघडला तर निगेटिव्हची पिन हिरव्या कळंकाने फुगलेली, नखाने खरवडली तर तुकडाच हातात आला. वायरचं टोक कापून पाहिलं तर आत तांबं काळंठिक्कर, वीतभर मागेपर्यंत. खाऱ्या हवेत कल्हई नसलेली साधी वायर घातली की हेच होणार. बाहेरून रबर कसं नवंकोरं! हल्ली ‘एलईडी लाव, प्रश्न मिटेल’ म्हणणारेही भेटतात. सडलेल्या पिनेला एलईडी काय करणार? शिवाय काही एलईडी शेजारच्या व्हीएचएफच्या (होडीवरच्या संपर्काच्या रेडिओच्या) अँटेनात खरखर घालतात, 2018 मध्ये अमेरिकी तटरक्षक दलाने तसा इशाराच दिला होता. म्हणजे दिवा लागेल आणि रेडिओ जाईल. छान.

नवी कल्हईची वायर घातली, जोड काठीच्या पायथ्यावरून उचलून आत कोरड्यात नेला. दिवा लागतो.

फक्त वरची काच सध्या त्या बुडालेल्या स्क्रूऐवजी काळ्या टेपने बांधलीय. हो, मीच बांधली. चौथ्यांदा चढत नाही मी.