गच्चीवर काच-अ‍ॅल्युमिनियमला इपॉक्सी लावू नका

"सगळ्यात ताकदवान कुठलं?" दुकानात एवढंच विचारून दोन ट्यूबांचं इपॉक्सी आणायचं आणि गच्चीवरच्या शेडची काच अ‍ॅल्युमिनियमच्या पट्टीला चिकटवायची, हे सर्रास चालतं. उन्हाळा निभावतो, पावसाळ्यात सांधा टोकाकडून उघडतो आणि खापर फुटतं "डुप्लिकेट माला"वर. माल बहुतेक वेळा चांगलाच असतो. जागा चुकलेली असते.

हिशोब मांडून बघा. 1 मीटर अ‍ॅल्युमिनियम दर अंशाला 0.023 मिमी वाढतं, काच साधारण 0.009. विदर्भात थंडीतल्या पहाटे पट्टी 10 अंशांवर असते, मे महिन्याच्या दुपारी 65 च्या घरात. या 55 अंशांत अ‍ॅल्युमिनियम 1.27 मिमी वाढतं, काच जेमतेम अर्धा मिमी. उरलेला पाऊण मिमी सांध्याने सोसायचा, म्हणजे दर टोकाला सुमारे 0.38. इपॉक्सीचा थर जेमतेम 0.1 मिमीचा, तोही ताठ. सगळा ताण टोकांवर साठतो, बारीक चीर पडते, रोजच्या ऊन-गारव्याने ती आत जाते आणि पावसाचं पाणी तिच्यातून शिरून पकड सोडवतं. शिवाय न तापवता, नेहमीच्या तापमानालाच घट्ट झालेलं साधं इपॉक्सी 50-60 अंशांपुढे मऊ पडू लागतं.

तेच 0.38 मिमी 3 मिमी जाडीच्या सिलिकॉनला सहज पेलतं, कारण ते जाडीच्या जेमतेम आठवा हिस्सा आहे. ताकद कमी, हे खरं. म्हणून सिलिकॉनचा पट्टा रुंद ठेवा. माझ्या मते इथे जाडी हाच खरा मुद्दा आहे आणि कारागीर नेमकी तीच दाबून घालवतात. 3 मिमीचा फोम टेप आधी लावला की काच दाबली तरी थर पातळ होत नाही.

सिलिकॉन न्यूट्रल क्युअरचंच, म्हणजे सुकताना आम्ल न सोडणारं, घ्या. व्हिनेगरसारखा वास येणारं धातूला खातं. उघड्या अ‍ॅल्युमिनियमवर पॉलिश पेपर फिरवा (पावडर कोटिंग असेल तर नको), मग स्वच्छ कापडाने आयसोप्रोपिल अल्कोहोल एकाच दिशेने पुसा, सुकू द्या आणि लगेच भरा. भर उन्हात, तापलेल्या पट्टीवर काम नको. सिलिकॉन हवेतल्या ओलाव्याने कडेकडून आत सुकतं, दिवसाला 2-3 मिमी. 15 मिमीच्या पट्ट्याला आठवडाभर हात लावू नका. काचेचं वजन मात्र खालच्या आधारावरच हवं, सांध्यावर टांगलेलं नको.

आणि आधी त्याच पट्टीच्या तुकड्यावर सिलिकॉनची एक रेघ ओढून ठेवा. आठवड्याने उपटून बघा: सिलिकॉन मधून फाटून धातूवर शिल्लक राहिलं तर काम पक्कं, सालीसारखं अख्खं निघालं तर पुसण्यात कसर राहिली.