पेट्रात तीन रात्री

मागच्या आठवड्यात एका मैत्रिणीने जॉर्डनच्या सहलीचं पत्रक पाठवलं आणि खाली एवढंच विचारलं, "बुक करू का?" पाच रात्री, सहा दिवस, चौदा ठिकाणं. डावीकडे 'ऐतिहासिक स्थळं': पेट्रा, जेराश, मादबा, करक. उजवीकडे 'निसर्गसौंदर्य': मृत समुद्र, वादी रम, अकाबा. मी तिला लगेच फोन केला. तासभर बोलले तरी बरंच राहून गेलं, म्हणून इथे लिहितेय.

असंच एक पत्रक बघून सहा वर्षांपूर्वी मी आईला घेऊन जॉर्डनला गेले होते. कंपनीचं नाव घेत नाही, कारण दोष एका कंपनीचा नाहीच, सगळ्यांची पत्रकं थोड्याफार फरकाने सारखीच असतात. कड्यांमध्ये खोदलेल्या पेट्रा या प्राचीन शहराला साडेनऊला पोचलो आणि दीडला बस निघणार होती. आत जायची वाट म्हणजे सिक, दोन उंच कड्यांमधली अरुंद घळ, सव्वा किलोमीटर लांब. आईच्या चालीने ती पार करायलाच पाऊण तास गेला. घळ संपता संपता समोरच्या फटीतून गुलाबी दगडात कोरलेला 'खजिना' नावाचा भव्य दर्शनी भाग दिसायला लागला. अख्ख्या कड्यातून खोदून काढलेला, जवळजवळ ४० मीटर उंच. आई एका दगडावर टेकली आणि नुसती बघत राहिली. दहा मिनिटंही झाली नसतील, तेवढ्यात टूर मॅनेजरची हाक आली, "काकू, फोटो झाला ना? चला, उशीर होतोय."

ती उठली. कुणाला आपल्यामुळे खोळंबा नको म्हणून लगेच उठली. बसमध्ये बसल्यावर म्हणाली, "त्याच्या पुढे शहर होतं ना गं? ते राहिलंच."

मला ते फार लागलं. खजिना म्हणजे पेट्राचं दार. पुढे कड्यात खोदलेलं नाट्यगृह आहे, राजथडगी आहेत, खांबांचा हमरस्ता आहे, आणि ८०० च्या वर पायऱ्या चढून गेलं की अद-दैर आहे, तसंच कड्यात कोरलेलं, खजिन्याहूनही मोठं. एवढ्या लांब जाऊन आम्ही दाराला हात लावून परत आलो होतो.

गेल्या वर्षी मार्चमध्ये आम्ही दोघी पुन्हा गेलो. दहा रात्री, ठिकाणं निम्मी, एक गाडी आणि एक वयस्क ड्रायव्हर, जे आईला आदराने 'हज्जा' म्हणायचे. या दुसऱ्या खेपेला मला कळलं की पत्रकातले ते दोन रकानेच चुकीचे आहेत. जॉर्डनमध्ये इतिहास आणि निसर्ग वेगळे काढता येत नाहीत. वेगवेगळे बघितले तर दोन्ही अर्धेच दिसतात, आणि एकत्र बघायचे तर वेळ लागतो.

जेराशचंच घ्या. राजधानी अम्मानच्या उत्तरेला ५० किलोमीटरवर हे रोमन काळातलं शहर आहे. लंबगोल चौक, दोन नाट्यगृहं, रथांच्या चाकांनी झिजलेली फरसबंदी. पहिल्या वेळी सव्वा तासात उरकलं होतं. या वेळी आर्टेमिस या ग्रीक देवीच्या देवळापाशी एका म्हाताऱ्या वाटाड्याने आईला हाक मारली. खिशातून साधा चमचा काढला आणि एका खांबाच्या तळाच्या फटीत सरकवून ठेवला. आम्ही वाकून बघत राहिलो. वारा आला की चमच्याची दांडी हळूच वर जायची आणि पुन्हा खाली यायची. एवढा थोरला दगडी खांब वाऱ्याने डुलत होता! आईने खांबाला तळहात लावला आणि कितीतरी वेळ काढलाच नाही. देवळाच्या दर्शनी भागातल्या बारा खांबांपैकी अकरा अजून उभे आहेत. डुलतात म्हणूनच टिकले, असं वाटाड्याचं म्हणणं.

टिकले ते कशातून? इ.स. ७४९ च्या भूकंपातून. त्या भूकंपाने जेराश मोडलं. त्याच्या आधी ३६३ च्या भूकंपात पेट्राचा मोठा भाग कोसळला होता. हे भूकंप ज्या भेगेवर होतात, ती लाल समुद्रापासून उत्तरेकडे जाते. तिच्या दोन बाजूंचे भूभाग एकमेकांना घासत सरकतात, आणि जिथे जमीन ताणली जाऊन खचली तिथे मृत समुद्र तयार झाला. म्हणजे डाव्या रकान्यातलं जेराश पाडणारी आणि उजव्या रकान्यातला मृत समुद्र घडवणारी भेग एकच. पत्रकात त्यांच्यामध्ये फक्त एक उभी रेघ होती.

मृत समुद्रावर मी फार लिहीत नाही. तरंगतानाचे फोटो सगळ्यांनी पाहिलेत. एवढंच सांगते की त्याचा किनारा समुद्रसपाटीपेक्षा ४३० मीटरहून जास्त खाली आहे आणि पाण्याची पातळी दरवर्षी साधारण एक मीटरने उतरतेय. जॉर्डन नदीचं पाणी वाटेतच वळवलं जातं, शिवाय दोन्ही काठांवर क्षार काढण्यासाठी पाणी उपसलं जातं. सहा वर्षांपूर्वी जिथे पाय बुडवले होते तिथे या वेळी कोरडी, पांढरी, भेगाळलेली जमीन होती. हे मला फोटोपेक्षा जास्त आठवतं.

आता रस्त्याबद्दल, कारण सहलीचं खरं नुकसान तिथे होतं. अम्मानहून पेट्राला जायला डेझर्ट हायवे आहे. तीन तासांत पोचवतो आणि सगळ्या बस तिथूनच जातात. सपाट, एकसुरी रस्ता, सगळे झोपतात. दुसरा आहे राजमार्ग, किंग्ज हायवे. हजारो वर्षांची वहिवाट. रोमन सम्राट ट्रेजनने इ.स. १०६ मध्ये पेट्रा घडवणाऱ्या नबाती लोकांचं राज्य ताब्यात घेतल्यावर बांधलेला रस्ताही बराचसा याच वाटेने गेला. मादबा, मुजिबची प्रचंड दरी, करकचा किल्ला, दाना, शोबक, असं करत तो पेट्राला उतरतो. एका दिवसात उरकायचाच नाही हा रस्ता. आम्ही दोन दिवस घेतले, मध्ये दानाला मुक्काम केला.

मादबाच्या चर्चमध्ये जमिनीवर सहाव्या शतकातला नकाशा आहे, रंगीत दगडांच्या बारीक तुकड्यांचा. बरेच लोक जेरुसलेम शोधतात, फोटो काढतात, निघतात. तुम्ही जॉर्डन नदी शोधा. ती जिथे मृत समुद्राला मिळते, तिथे एक मासा तोंड फिरवून उलटा पोहतोय. पुढच्या खाऱ्या पाण्यात जगता येत नाही हे त्याला ठाऊक आहे. दीड हजार वर्षांपूर्वीच्या कारागिराने धर्माच्या नकाशात हे निरीक्षण नोंदवून ठेवलंय. आदल्याच दिवशी आम्ही त्या पाण्यातून बाहेर आलो होतो, डोळ्यांची आग अजून गेली नव्हती. म्हणून मासा दिसल्याबरोबर समजला.

दानाला काय बघितलं असं कुणी विचारलं तर मला सांगता येत नाही. जुनं दगडी गाव दरीच्या काठावर आहे. तिथून अभयारण्य दीड हजार मीटरहून जास्त उंचीवरून थेट वादी अराबाच्या वाळवंटापर्यंत उतरतं. संध्याकाळी गच्चीवर बसलो, सेजची पानं घातलेला चहा प्यालो आणि दरीत सावली चढताना बघितली. झालं. पत्रकात अशा संध्याकाळीला जागा नसते, कारण तिच्यासमोर बरोबरची खूण करता येत नाही.

आणि मग पेट्रा. तीन रात्री.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला, फाटक उघडताच आत गेलो. सिकमध्ये आमच्याशिवाय चार-पाच माणसं. आई भिंतीला हात लावून चालत होती, मध्येच थांबली. "ही पन्हळ आहे," ती म्हणाली. खरंच, कंबरेच्या उंचीवर कड्यातून कोरलेला पाट घळीबरोबर चालला होता. पलीकडच्या भिंतीत मातीच्या नळांचे तुकडे अजून अडकलेले दिसतात. मागच्या वेळी याच घळीतून आम्ही दोनदा गेलो होतो, आणि दोघींनाही हे दिसलं नव्हतं, कारण मान वर करून पुढच्याच्या झेंड्याकडे बघत होतो.

त्या पाटाचा माग काढत गेलं की पेट्रा उलगडतं. नबाती हे मूळचे वाळवंटातले व्यापारी. धूप, मसाले, उंटांचे तांडे. त्यांनी दूरच्या झऱ्यांचं पाणी पाटांनी आणि नळांनी शहरात आणलं, डोंगरात टाकी खोदली. पावसाळी लोंढा सिकमध्ये घुसू नये म्हणून तोंडाशी बंधारा घातला आणि डोंगरातून बोगदा काढून पाणी पलीकडे वळवलं. तो बंधारा पुढे मोडला. १९६३ मध्ये अचानक लोंढा आला आणि फ्रेंच पर्यटकांचा एक गट त्यात सापडून मेला. त्यानंतर त्याच जागी नवा बंधारा बांधावा लागला. पूर अजूनही येतात, २०१८ च्या नोव्हेंबरमध्ये हजारो पर्यटकांना बाहेर काढावं लागलं होतं. पावसाची सूचना असेल त्या दिवशी कुणी कितीही म्हणालं तरी घळीत जाऊ नका.

सगळी पत्रकं म्हणतात, पेट्राचा 'शोध' १८१२ मध्ये बुर्कहार्ट या स्विस प्रवाशाने लावला. मला हा शब्द खटकतो. त्याला तिथे नेणारा वाटाड्या स्थानिकच होता. बदूल टोळीची कुटुंबं १९८५ पर्यंत या गुहांमध्ये राहत होती, नंतर त्यांना जवळच्या उम्म सैहून गावात हलवलं. अद-दैरच्या वाटेवर आम्हाला चहा देणारी बाई हाताने एक गुहा दाखवून म्हणाली, "माझा जन्म तिथला." आईने तिला विचारलं, पाणी कुठून आणायचात? तिने डोंगराच्या एका खाचेकडे बोट केलं. दोघी मोडक्यातोडक्या इंग्रजीत आणि खाणाखुणांनी अर्धा तास बोलल्या. मी मध्ये पडले नाही.

त्या ८०० पायऱ्या आई चढली. दोन तास लागले, सात-आठ वेळा बसली. वाटेत गाढववाले सारखे विचारत होते, ती नको म्हणत राहिली. त्या झिजलेल्या पायऱ्यांवर घसरत चढणारी ती जनावरं बघवत नाहीत. तुम्हीही शक्यतो बसू नका, त्यापेक्षा वेळ जास्त घ्या. दुपारी चारला वर पोचलो. अद-दैरवर ऊन दुपारनंतर येतं, आणि तेव्हा बसवाले सगळे निघून गेलेले असतात. आई समोरच्या दगडावर बसली. या वेळी तिला कुणी हाक मारली नाही.

वादी रमचं वाळवंट त्यानंतर करा, आधी नको. पेट्राचा दगड हाताला ओळखीचा झाला की रमचे डोंगरही तसेच वाळूच्या दगडाचे आहेत हे कळतं. तिथे पायथ्याशी ग्रॅनाइट आहे. पाऊस वरच्या सच्छिद्र दगडात मुरतो, ग्रॅनाइटमधून खाली जाऊ शकत नाही, आणि त्या सांध्यावर झरा फुटतो. नबात्यांनी अशाच झऱ्याच्या पायथ्याशी देऊळ बांधलं. आमच्या ड्रायव्हरनी दुरूनच दाखवलं: उघड्या कड्यावर एक हिरवी रेघ, झुडपांची. तिथे पाणी.

त्याच भागात जमिनीखाली दिसीचा साठा आहे, हजारो वर्षांपूर्वीच्या पावसाचं पाणी. ते २०१३ पासून ३२५ किलोमीटरच्या नळाने अम्मानला जातं. अम्मानमध्ये प्रत्येक गच्चीवर टाक्यांची रांग दिसते, कारण घरोघरी पाणी रोज येत नाही. शेवटच्या रात्री हॉटेलात आईने तोंड धुतलं आणि नळ घट्ट बंद करून विचारलं, "हे रमचंच ना?"

आता मैत्रिणीसाठी, आणि ज्यांनी मागे विचारलं होतं त्यांच्यासाठी. 'जॉर्डन पास' निघण्यापूर्वीच ऑनलाइन काढा. देशात किमान तीन रात्री राहिलात तर व्हिसाचे ४० दिनार माफ होतात आणि पेट्रासकट बहुतेक स्थळांचं तिकीट त्यातच येतं. आम्ही काढला तेव्हा पेट्राच्या एका दिवसासह ७० दिनार होते, तीन दिवसांसह ८०. फरक फक्त दहा दिनारांचा. नुसतं पेट्राचं तिकीटही तसंच, एका दिवसाला ५० आणि तीन दिवसांना ६०. तिकडच्या लोकांनीच सांगून ठेवलंय की इथे थांबा, आणि आपण बस गाठायला पळतो.

दिवस कमी असतील तर अकाबा सोडा. तेही जमत नसेल तर वादी रमची एक रात्र ठेवून करक सोडा. सुट्टी सहाच दिवसांची असेल तर जेराश, राजमार्ग आणि पेट्रा एवढंच करा, बाकीचं पुढच्या खेपेला. आईला हे पटत नाही. तिच्या मते करक सोडायचं नाही, सुट्टी वाढवायची आणि दानाला आणखी एक दिवस घ्यायचा. तिचं ऐकायचं की माझं ते तुम्ही ठरवा, पण पेट्राच्या तीन रात्रींवर आमचं दोघींचं एकमत आहे.