डाव्या हाताचा समुद्र

मोटार चालवणाऱ्याने समुद्राकडे पाहायचे नसते, हा बापूकाकांचा नियम आहे आणि तो रास्तही आहे. फक्त शेजारी बसलेल्याने कुठे पाहायचे, याविषयी तो मौन बाळगतो. रत्नागिरीहून आरे-वारे, गणपतीपुळे, मालगुंड करत जयगड गाठायचे, फेरीबोटीने तवसाळला उतरायचे आणि हेदवीवरून दिवेलागणीला गुहागरात काकूंच्या माहेरी जेवायला हजर व्हायचे, असा बेत होता. या वाटेवर समुद्र डाव्या हाताला, म्हणजे काकांच्या खिडकीत, राहतो.

आरे-वारेच्या चढावरून खाली दोन्ही पुळणी एकदम दिसतात, असे मी वर्षानुवर्षे ऐकत आले होते. मला तिथे वळणे दिसली. काका मात्र सकाळच्या घावन्यांना शरण जाऊन, तोंड खिडकीकडे आणि डोळे मिटलेले, अशा अवस्थेत होते. त्यांना जाग आली ती गणपतीपुळ्याच्या गर्दीत, आणि ते जागे झाले की त्यांचा उजवा पाय नसलेला ब्रेक इतक्या निष्ठेने दाबतो की पायाखालची चटई गोळा होऊन बसते. "अगं, गाय!" असे ते ओरडले तेव्हा गाय होती खरी, पण कुंपणापलीकडे, दाव्याला बांधलेली. मालगुंडात १८६६ साली केशवसुत जन्मले. काकांनी मला तिथे कवितेविषयी अवाक्षर न काढता तिसरा गिअर टाकायला सांगितले.

जयगडच्या धक्क्यावर उभे राहिले की पलीकडचे तवसाळ हाकेच्या अंतरावर वाटते. बोट चुकली आणि पुढचीची वाट पाहायची नसेल तर मात्र खाडीच्या आत शिरून राई-भातगावच्या पुलाचा लांबलचक वळसा घ्यावा लागतो. बोट चुकली नाही. तिच्यावर मोटार उलटी चढवायची असते, हे मात्र मला कुणी सांगितले नव्हते. मागे उतरता धक्का, त्याच्यामागे हलणारी लोखंडी फळी, खलाशी "येऊ द्या, येऊ द्या" म्हणतो आहे आणि काका त्याच क्षणी "थांब, थांब" म्हणत आहेत, अशा संयुक्त मार्गदर्शनाखाली मी चौथ्या प्रयत्नात वर पोचले. आता तरी पाणी पाहावे, म्हणून दार उघडू गेले, तर एका बाजूला मासळीचा टेम्पो आणि दुसऱ्या बाजूला गवताचा ट्रक इतके खेटून उभे होते की दार वीतभरही उघडेना. शिवाय हातब्रेकवरचा हात काढायचा नाही, अशी काकांची ताकीद होती. खाडी मी वासावरून ओळखली.

हेदवीची बामणघळ भरतीलाच पाहावी, कारण खडकाच्या चिरेत शिरलेली लाट तेव्हाच कोंडून उंच उसळते. भरतीची वेळ काढण्यात काका पटाईत आहेत: तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ मिळते; पंचमी होती, पाचाची पाऊणपट पावणेचार. आम्ही साडेतीनला पोचलो, आणि हिशेब अचूक निघाला. पण मोटार उतारावर लावली होती, हे काकांना खडकांवर पोचल्यावर आठवले आणि चाकाला दगड लावण्यासाठी त्यांनी मला परत पिटाळले. मी वाकून दगड सारत असताना पाठीमागे प्रचंड आवाज झाला, लोकांनी आरोळी ठोकली. मी वळून पाहिले तर समुद्राकडे पाठ करून काका मला हाताने खुणावत होते की दगड थोडा डावीकडे घे.

रात्री गुहागरात सोलकढीची दुसरी वाटी घेत काका सर्वांना सांगत होते, "आरे-वारेला पाणी म्हणजे अगदी मोरपिशी! आणि बामणघळीत लाट उडाली ती माडाएवढी!" सगळे ऐकत राहिले. काकूंनी मग कौतुकाने मला विचारले, "तुला गं काय आवडलं?"

"टेम्पोची मागची पाटी," मी म्हणाले, आणि ती पूर्ण म्हणून दाखवली.